मापांची नाती : रामटेकच्या टेकडीपासून मेट्रोच्या खांबांपर्यंत

नागपूर आणि त्याच्या परिसरातील वास्तूंचा इतिहास बहुधा राजवटींच्या क्रमाने लिहिला जातो. वाकाटक, यादव, गोंड, भोसले, इंग्रज अशा पायऱ्या ठरलेल्या असतात आणि प्रत्येक पायरीवर दोन-चार इमारतींची नोंद होते. या क्रमात एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही : या वास्तूंची मापे कोणी, कशाच्या आधारे ठरवली, आणि एक माप बदलावे लागले तर बाकीच्या मापांचे काय होत असे? संगणकावर रेखाटन करणाऱ्या आजच्या वास्तुविशारदाच्या कामाचा हाच मध्यवर्ती प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तराला ‘पॅरामेट्रिक मॉडेलिंग’ हे नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी प्रश्न फार जुना आहे, हे नागपूरभोवतीच्या पन्नास-पाऊणशे किलोमीटरच्या टापूतूनच दाखवता येते.

पॅरामीटर या संज्ञेला मराठी परिभाषेत ‘प्राचल’ असा प्रतिशब्द आहे. ज्या संख्येची किंमत बदलता येते आणि जिच्या बदलाबरोबर तिच्यावर अवलंबून असलेल्या इतर किमती ठरलेल्या नियमाने बदलतात, ती संख्या म्हणजे प्राचल. साध्या नकाशात खोली बारा फूट रुंद आणि खिडकी चार फूट रुंद असे लिहिलेले असते, आणि या दोन आकड्यांमध्ये कसलेही नाते नोंदवलेले नसते. प्राचलांवर आधारलेल्या प्रतिमानात मात्र खिडकी खोलीच्या रुंदीच्या एक-तृतीयांश असावी, असा नियमच लिहिलेला असतो, त्यामुळे खोली पंधरा फुटांची करताच खिडकी आपोआप पाच फुटांची होते. म्हणजे या पद्धतीत वास्तुविशारद एक आकार काढत नाही, तर आकारांचे एक संपूर्ण कुळ निर्माण करणारा नियम लिहितो. लाटांसारखी छपरे आणि मुरडलेले मनोरे यांमुळे ही पद्धत प्रसिद्धीस आली आणि वक्राकार म्हणजेच पॅरामेट्रिक असा समज पसरला. हा समज चुकीचा आहे, कारण संपूर्ण चौकोनी इमारतही या पद्धतीने घडवता येते आणि अत्यंत वळणदार इमारत तिच्याशिवायही उभी राहते.

नागपूरच्या ईशान्येला असलेल्या रामटेकच्या टेकडीवर वाकाटककालीन मंदिरांचा एक समूह टिकून आहे. केवल-नरसिंह आणि रुद्र-नरसिंह ही त्यांतील दोन मंदिरे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील असून, केवल-नरसिंह मंदिरातील शिलालेखाने प्रभावतीगुप्ता या वाकाटक राणीच्या कुटुंबाशी या स्थळाचे नाते स्पष्ट केले आहे. वाकाटकांची नंदिवर्धन ही राजधानी म्हणजे टेकडीच्या पायथ्याजवळचे आजचे नगरधन, आणि जवळच्याच मनसर येथे उत्खननात विटांच्या भव्य बांधकामाचे अवशेष उघडकीस आले. या मंदिरांच्या सूत्रधारांनी कोणता ग्रंथ वापरला हे सांगणारा पुरावा नाही. परंतु त्या काळातील स्थापत्याचा विचार कोणत्या रीतीने चालत असे, हे पुढच्याच शतकात वराहमिहिराने लिहिलेल्या बृहत्संहितेतील प्रासादलक्षणाच्या अध्यायावरून नेमके कळते.

वराहमिहिर मंदिराची नुसती मापे देत नाही, मापांमधील नाती देतो. प्रासादाच्या रुंदीच्या दुप्पट त्याची उंची, रुंदीच्या निम्मे गर्भगृह, गर्भगृहाच्या एक-चतुर्थांश दाराची रुंदी, त्या रुंदीच्या दुप्पट दाराची उंची, आणि दाराच्या उंचीतून तिचा आठवा भाग वजा करून जे उरेल तेवढी पीठासह मूर्ती, जिच्यात दोन भाग मूर्तीचे आणि एक भाग पीठाचा, अशी ती साखळी आहे. हस्त हे चोवीस अंगुळांचे माप धरून सोळा हस्त रुंदीचे मंदिर घेतले, तर उंची बत्तीस हस्त, गर्भगृह आठ हस्त, दार दोन हस्त रुंद व चार हस्त उंच, आणि पीठासह मूर्ती साडेतीन हस्त, म्हणजे ८४ अंगुळे. त्यांपैकी ५६ अंगुळे मूर्तीची आणि २८ पीठाची. तीच रुंदी चोवीस हस्त केली की उंची ४८, गर्भगृह १२, दार ३ बाय ६ हस्त, आणि मूर्ती ८४ अंगुळांची होऊन तिचे पीठ ४२ अंगुळांवर जाते. दात्याने किती मोठे मंदिर हवे एवढेच सांगायचे. आत बसणाऱ्या मूर्तीच्या पीठापर्यंतचा सारा हिशेब त्या एका आकड्यातून उलगडत जातो. आजच्या कोणत्याही पॅरामेट्रिक संगणक-प्रणालीत हे सहा नियम जसेच्या तसे भरता येतील, कारण त्यांची तर्करचना तीच आहे.

तरीही या दोन गोष्टी एकच आहेत असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. ग्रंथातला नियम सूत्रधाराच्या हाती चौकट देतो, पण दगडाची प्रत, टेकडीचा उतार आणि दात्याची ऐपत पाहून तो नियमाला मुरड घालू शकत असे आणि प्रत्यक्षात घालतही असे. म्हणून एकाच काळातील, एकाच परिसरातील दोन मंदिरे क्वचितच तंतोतंत सारखी निघतात. संगणकातील नियम न सांगितलेली सवलत देत नाही. ही नियमाची ताकद आहे आणि मर्यादाही.

प्रमाणांच्या साखळीइतकीच महत्त्वाची दुसरी युक्ती म्हणजे निर्बंध, अर्थात जे उत्तर चालणार नाही ते आधीच बाद करणारी अट. महाराष्ट्रात घर बांधताना ‘आय’ काढण्याची जी प्रथा आजही अनेक घरांत पाळली जाते, ती अशीच एक अट आहे. घराच्या लांबी-रुंदीचा गुणाकार करून त्याला आठने भागायचे आणि बाकी पाहायची : एक उरला तर ध्वज, दोन धूम, तीन सिंह, चार श्वान, पाच वृषभ, सहा खर, सात गज आणि पूर्ण भाग गेल्यास ध्वांक्ष, म्हणजे कावळा. विषम बाकी शुभ, सम अशुभ. दहा हस्त बाय सात हस्त अशी वास्तू घेतली, तर सत्तरला आठने भागून सहा उरतात आणि खर आय येतो. लांबी एका हस्ताने वाढवली की सत्त्याहत्तरातून पाच उरून वृषभ आय मिळतो आणि माप स्वीकारले जाते. या शुभाशुभावर विश्वास ठेवावा की नाही हा वेगळा विषय आहे, आणि त्याला भौतिक आधार नाही हे स्पष्टच म्हटले पाहिजे. परंतु मापात अट मोडते तेव्हा सर्वांत लहान बदलाने ती कशी पुरी करावी, ही विचाराची सवय या प्रथेने गवंड्यांच्या आणि घरमालकांच्या अनेक पिढ्यांना लावली, हे नाकारता येत नाही.

यादवकाळापर्यंत येताना या विचाराने कमालीची गुंतागुंत साधली. हेमाद्रीपंडिताच्या नावाने ओळखली जाणारी, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून रचलेली हेमाडपंती मंदिरे विदर्भभर विखुरलेली आहेत, जरी त्यांतील अनेक हेमाद्रीच्या आधीची आहेत. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा तलविन्यास, म्हणजे जमिनीवरील आराखडा, ताऱ्याच्या आकाराचा आहे. असा तारा मिळवण्याची रीत साधी आहे : एका केंद्राभोवती चौकोन ठरावीक अंशांनी फिरवीत जायचा आणि प्रत्येक फेऱ्यातील बाहेर आलेले कोपरे तेवढे ठेवायचे. किती वेळा फिरवायचा हा एक आकडा बदलला की आठ, सोळा किंवा बत्तीस टोकांचा तारा तयार होतो आणि भिंतीवर ऊन-सावलीच्या पट्ट्या किती पडणार हेही त्याच आकड्याने ठरते.

भूमिज या शिखरप्रकारात तर नियम आणि रूप यांचे नाते उघड्या डोळ्यांना दिसते. शिखराच्या चारी बाजूंना मधोमध एक उभा पट्टा चढत जातो आणि दोन पट्ट्यांमधील चतुर्थांशात छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. या थरांना भूमी म्हणतात. एका थरात किती छोटी शिखरे आणि एकूण किती भूमी, हे दोन आकडे आणि वर चढताना प्रत्येक थर कितीने लहान होणार याचे एक प्रमाण, एवढ्यावर संपूर्ण शिखराचे रूप उभे राहते. इ. स. १०६० चे अंबरनाथचे शिवमंदिर आणि सिन्नरचे गोंदेश्वर ही या प्रकाराची महाराष्ट्रातील सुपरिचित उदाहरणे होत. राजा भोजाच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधार या अकराव्या शतकातील ग्रंथात भूमिज प्रासादांची वर्गवारी अशाच आकड्यांच्या आधारे केलेली आहे, आणि भोपाळजवळच्या भोजपूर येथील अपूर्ण शिवमंदिराच्या सभोवतालच्या खडकावर तत्कालीन कारागिरांनी कोरलेली रेखाटने आजही पाहता येतात. ग्रंथ, खडकावरचे रेखाटन आणि गुरूकडून शिष्याकडे गेलेली स्मृती, अशा तीन ठिकाणी हा नियम जपला जात होता. तिसरे ठिकाण तुटले की पहिली दोन अर्धवट उरतात. विदर्भातील हेमाडपंती परंपरेचे नेमके हेच झाले.

इंग्रजी अमलात सार्वजनिक बांधकाम खात्याने नियमाऐवजी आकडा प्रमाण मानला. नागपूरच्या उच्च न्यायालयाची इमारत हे या काळाचे सर्वांत देखणे फळ आहे. ल्युटेन्स आणि बेकर यांच्या नव्या दिल्लीत काम केलेल्या हेन्री मेड या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला, ९ जानेवारी १९३७ रोजी पायाभरणी झाली आणि १९४० च्या जानेवारीत ती खुली झाली. मूळ इमारत ४०० फूट बाय २३० फूट असून तिचा मधला घुमट जमिनीपासून १०९ फूट उंच आहे. वालुकाश्माच्या या इमारतीत प्रमाणबद्धता ठासून भरलेली आहे, पण ती प्रमाणे मेड यांच्या डोक्यात राहिली. कागदावर उतरले ते अंतिम आकडे. अशा नकाशांत एक माप बदलले, तर ज्या ज्या कागदावर त्याचा परिणाम होतो तो प्रत्येक कागद शोधून पुन्हा आखावा लागतो, आणि एखादा राहून गेला तर चूक बांधकामाच्या जागीच उघडकीस येते. विसाव्या शतकातील बहुतेक सगळ्या शासकीय इमारती याच शिस्तीने बांधल्या गेल्या, आणि त्या शिस्तीने टिकाऊपणा दिला हेही खरे आहे.

नाती पुन्हा कागदावर, नव्हे यंत्रात आणण्याचे काम युरोप-अमेरिकेत झाले. बार्सिलोनाजवळच्या एका चर्चसाठी अंतोनी गौदी यांनी दोऱ्यांना वजने टांगून कमानींचे उलटे प्रतिमान केले होते, ज्यात एक वजन हलवले की साऱ्या दोऱ्या आपली वळणे बदलत. इटलीतील लुईजी मोरेत्ती यांनी १९४० च्या दशकात ‘पॅरामेट्रिक स्थापत्य’ ही संज्ञाच वापरात आणली आणि १९६० मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्रेक्षकांच्या दृष्टिरेषांवरून घडवलेल्या क्रीडागारांचे नमुने मांडले. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ने पडद्यावरच्या रेषांना समांतर राहा, समान राहा अशा अटी घालून दाखवल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस यंत्रांच्या सुट्या भागांच्या आरेखनात ही रीत रुळली आणि २००७ च्या सुमारास डेव्हिड रटन यांच्या ‘ग्रासहॉपर’मुळे ती प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या वास्तुविद्यार्थ्याच्याही हाती आली.

या सगळ्याची वाट न पाहता नागपुरात एक वास्तू केवळ प्रमाणाच्या बळावर नवा अर्थ घेऊन उभी राहत होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवरील स्तूपाचा आराखडा वास्तुविशारद शिवदान मल यांनी केला. १९७८ मध्ये काम सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. प्रेरणा सांचीच्या महास्तूपाची आहे हे सर्वश्रुत आहे, परंतु दोन्ही वास्तूंची मापे शेजारी ठेवल्यावर मल यांनी काय राखले आणि काय बदलले हे ध्यानात येते. सांचीच्या स्तूपाचा व्यास सुमारे १२० फूट आणि छत्रावली वगळता उंची सुमारे ५४ फूट आहे. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा व्यासही १२० फूट आहे, उंची मात्र १२० फूट. अर्धगोलाची स्वतःची उंची व्यासाच्या निम्मी, म्हणजे ६० फूटच असू शकते. उरलेली ६० फूट उंची घुमटाखालच्या आणि घुमटावरच्या रचनेतून येते. रुंदीचे प्राचल अडीच हजार वर्षांच्या परंपरेतून जसेच्या तसे उचलून उंचीचे प्राचल दुपटीहून अधिक वाढवल्यामुळे जमिनीला बिलगलेला स्तूप मान उंच करून उभा राहिला आहे.

दुसरा बदल याहून मोठा आहे. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे; भाविक त्याच्या बाहेरून प्रदक्षिणा घालतो. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे. तळमजल्यावर २११ फूट बाय २११ फुटांचे चौरस सभागृह आहे, चार दिशांना दारे आहेत, आणि त्यांच्या कमानींवर अशोकचक्र, घोडे, हत्ती व सिंह यांच्या आकृती आहेत. ज्या समाजाला शतकानुशतके देवळाच्या आत पाऊल टाकू दिले गेले नाही, त्याच्या श्रद्धास्थानात आत जाता येते, चारी बाजूंनी जाता येते, आणि हजारोंच्या संख्येने एकत्र जाता येते. भरीवपणाच्या जागी पोकळी ठेवणे हा येथे केवळ अभियांत्रिकीचा निर्णय नव्हता. विदर्भाला स्तूप परका नव्हताच. वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात प्राचीन स्तूपांचे अवशेष सापडले आहेत. त्या जुन्या रूपातले कोणते आकडे कायम ठेवायचे आणि कोणते नव्या माणसांसाठी बदलायचे, हे ठरवण्यात शिवदान मल यांचे खरे कर्तृत्व आहे, आणि विसाव्या शतकातील महाराष्ट्रात प्रमाणाचा इतका विचारपूर्वक वापर क्वचितच झाला आहे.

शब्दाच्या आजच्या अर्थाने पॅरामेट्रिक पद्धत नागपुरात मोठ्या प्रमाणावर आली ती मेट्रोबरोबर. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर मेट्रो रेल कॉर्पोरेशनने, जिचे पुढे महामेट्रोत रूपांतर झाले, प्रकल्पासाठी बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, अर्थात ‘बिम’, ही प्रणाली पाच मितींत वापरली. बिम म्हणजे इमारतीचे असे संगणकीय प्रतिमान, ज्यातील खांब ही नुसती रेषा नसून काँक्रीटची प्रत, सळईचे वजन आणि शेजारच्या तुळईशी असलेले नाते माहीत असलेली वस्तू असते. लांबी, रुंदी व उंचीला वेळापत्रक ही चौथी आणि खर्च ही पाचवी मिती जोडली जाते. त्यामुळे एखाद्या स्थानकाचा फलाट बदलला, तर काँक्रीटचे परिमाण, काम संपण्याची तारीख आणि देयकाची रक्कम या तिन्हींवरचा परिणाम एकाच ठिकाणी दिसतो.

वर्धा मार्गावरील ३.१४ किलोमीटरच्या दुमजली पुलावर या नात्यांची कसोटी लागली. खाली रस्ता, त्यावर महामार्गाचा उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो, असे दोन मजले एकाच खांबांच्या रांगेवर तोललेले आहेत आणि छत्रपतीनगर, जयप्रकाशनगर व उज्ज्वलनगर ही तीन स्थानकेही त्याच रांगेत आहेत. खालून जाणाऱ्या ट्रकसाठी किती मोकळी उंची ठेवायची या एका आकड्यावर उड्डाणपुलाची पातळी ठरते, तिच्यावर मेट्रोची, मेट्रोवर फलाटाची आणि फलाटावर जिन्याच्या पायऱ्यांची संख्या. मार्गाला वळण असेल तेथे बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उचलावा लागतो आणि पुलाच्या आतल्या व बाहेरच्या कडांची लांबी वेगळी होते, म्हणून वळणावरच्या काँक्रीटच्या तुकड्यांची मापे वळणाच्या त्रिज्येतून काढावी लागतात. छत्रपती चौकातील जुना उड्डाणपूल २०१६ मध्ये पाडून ही रचना करावी लागली. कामठी मार्गावर गड्डीगोदाम येथे तर रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो असे चार थर एकावर एक आहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी मेट्रोचा पहिला टप्पा पूर्णपणे खुला झाला. नागपूरच्या पॅरामेट्रिक स्थापत्याचा महत्त्वाचा नमुना शोधायचा असेल, तर तो नवी मुंबई विमानतळासारख्या कमळाकृती छपरांत न शोधता या खांबांत शोधावा लागतो, जेथे वक्रतेचा दिमाख नाही पण प्रत्येक माप दुसऱ्या मापाला बांधलेले आहे.

असे असले तरी प्रतिमानात जे लिहिले जात नाही ते हिशेबातही येत नाही, हे नागपूरने अलीकडेच अनुभवले. दीक्षाभूमीच्या विकासकामांत भूमिगत वाहनतळाचा समावेश होता, आणि स्तूपाला धोका पोचेल या भीतीने १ जुलै २०२४ रोजी हजारो अनुयायांनी त्या कामाला तीव्र विरोध केल्यावर राज्य शासनाला ते थांबवावे लागले. वाहनांची संख्या, खोदाईची खोली आणि खर्च ही प्राचले आराखड्यात सहज बसतात. त्या जमिनीविषयी लोकांच्या मनात काय आहे हे आकड्यात बसत नाही, आणि ते आधी विचारावे लागते. प्राचले निवडणे हा तांत्रिक कामाचा पहिला टप्पा समजला जातो. प्रत्यक्षात तो सार्वजनिक निर्णय आहे, आणि तो बंद खोलीत होऊ नये.

नागपुरात १९६० पासून उभ्या असलेल्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसह अनेक महाविद्यालयांत वास्तुकला शिकवली जाते आणि तेथील विद्यार्थी नियम लिहिणाऱ्या प्रणाली आज सराईतपणे हाताळतात. त्यांच्यासमोर एक काम पडून आहे. रामटेक, मार्कंडा, लोणार आणि गावोगावची अनामिक हेमाडपंती मंदिरे अंगुळाअंगुळाने मोजावीत, त्यांच्या मापांमागची नाती शोधून ती प्रतिमानांत नोंदवावीत, आणि सूत्रधाराने नियम कोठे मोडला तेही त्यात लिहून ठेवावे. दरवर्षीच्या पावसात यांतील काही दगड निखळत आहेत. विद्यापीठांनी आणि पुरातत्त्व खात्याने ही मोजणी लवकर हाती घ्यावी.